लहान लिबरल आर्ट्स कॉलेजं: खर्च, शिक्षण आणि ठिकाण. आमच्या यादीवर मत हवंय

अबोली | १७ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावीला, म्हणजे सीनियर इयरला गेली. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ राहतो. ओळखीच्या सगळ्या घरांत रटगर्स, पर्ड्यू, जॉर्जिया टेक हीच नावं चालू आहेत. आमच्या फ्रिजवर मात्र वेगळीच यादी लावलेली आहे, लिबरल आर्ट्स म्हणजे अनेक विषय एकत्र शिकवणाऱ्या लहान पदवी कॉलेजांची: विल्यम्स, बोडिन, स्वॉर्थमोर, कार्लटन, मॅकॅलेस्टर, ग्रिनेल, ओबर्लिन, वूस्टर. शेवटी आमच्या राज्याचं विद्यापीठ रटगर्स आहेच.

तिला जिऑलॉजी आणि इतिहास दोन्ही शिकायचंय. आठवीच्या सुट्टीत माझे बाबा तिला लोणारला घेऊन गेले होते. बेसॉल्टच्या थरात उल्का आदळून झालेलं ते सरोवर आणि काठावरची जुनी देवळं तिनं एकाच दिवसात पाहिली. तेव्हापासून दगड आणि शिलालेख डोक्यातून गेलेले नाहीत. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षी तीनशे मुलांच्या हॉलमध्ये बसायची तिची तयारी नाही. तिला बोलायला, वाद घालायला, विचारायला आवडतं. शाळेतल्या समुपदेशक बाईंनीच ‘लहान कॉलेजं बघा’ म्हणून सुचवलं.

माझी अडचण पैशांची आहे. गेल्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली, सध्या घर माझ्या एका पगारावर चालतंय. धाकटा दहावीत. या कॉलेजांच्या वेबसाइटवर वर्षाचा एकूण आकडा बघितला की छातीत धडधडतं. राहणं-खाणं धरून ८० हजार डॉलरच्या पुढेच सगळे, काही तर ९० हजारांपर्यंत. रटगर्सला राज्यातल्या मुलांना सगळं धरून ३५ ते ४० हजार पडतात. मग ही यादी फ्रिजवर ठेवायची की काढून टाकायची? ज्यांची मुलं अशा ठिकाणी शिकली किंवा शिकतायत, त्यांनी कृपया लिहा. खर्च, शिक्षण, गाव, काहीही चालेल.

गारवा | १७ ऑगस्ट

अबोली, यादी काढू नकोस! माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी कार्लटनमधून बाहेर पडला. आम्ही मिनेसोटातच राहतो, त्यामुळे गाव आणि कॉलेज दोन्ही जवळून पाहिलंय.

आधी पैशांचं. वेबसाइटवरचा मोठा आकडा हा तुमच्या घराचा आकडा नाही. २०११ पासून प्रत्येक कॉलेजला वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुमच्या घराला साधारण किती पडेल ते काढणारा) ठेवावा लागतो, तसा कायदाच आहे. गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न, बँकेची स्टेटमेंट्स आणि घराच्या कर्जाचे कागद घेऊन एक शनिवार बस आणि आठही कॉलेजांचे आकडे काढ. घाईघाईत अंदाजानं भरलंस तर येणारा आकडाही अंदाजाचाच असेल.

दुसरं, मदत दोन तऱ्हेची असते आणि हा फरक नीट लक्षात घे. एक घरच्या गरजेवर मिळते, दुसरी मुलाच्या गुणांवर. विल्यम्स, ॲमहर्स्ट, पोमोना, हॅवरफर्ड ही कॉलेजं गुणांवर पैसे देतच नाहीत, जे काही मिळतं ते गरज बघून. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, ओबर्लिन, वूस्टर, डेनिसन, सेंट ओलाफ यांच्याकडे गुणांवरच्या स्कॉलरशिप असतात. एका पगारावरच्या घराला पहिल्या गटातलं श्रीमंत कॉलेज राज्याच्या विद्यापीठाच्या बरोबरीला येऊ शकतं, कधी त्याहून स्वस्तही. दोघंही चांगलं कमावतात त्या घराला तिथे कधी कधी एक डॉलरही सुटत नाही, त्यांनी दुसऱ्या गटाकडे बघावं.

तिसरं, मदतीच्या पत्रात कर्ज किती आहे ते बघ. विल्यम्सनं २०२२ पासून पॅकेजमधून कर्ज आणि कामाची अट दोन्ही काढून टाकली, सगळी मदत अनुदान म्हणूनच. बोडिन, स्वॉर्थमोर, ग्रिनेल यांच्या पॅकेजमध्येही कर्ज नसतं. बाकी ठिकाणी सरकारी कर्ज धरलेलं असू शकतं. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा साडेपाच हजार, चार वर्षांत मिळून २७ हजार. तेवढं कर्ज मूल स्वतः फेडू शकतं. आईवडिलांनी काढायच्या कर्जाच्या नादी मात्र लागू नकोस. त्या पॅरेंट प्लस कर्जावर १ जुलै २०२६ पासून वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजारांची मर्यादा आहे. मला विचारशील तर तेही फार आहे.

सह्यकडा | १८ ऑगस्ट

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मी स्वतः सरकारी विद्यापीठातून शिकलो, माझी दोन्ही मुलं रटगर्सची आहेत आणि दोघांचंही उत्तम चाललंय. तीनशेचा हॉल पहिल्या वर्षी असतो, हे खरं. तिसऱ्या वर्षी वर्ग लहान होतात आणि मागितलं तर प्रयोगशाळेत कामही मिळतं. ऑनर्स कॉलेजमध्ये तर सुरुवातीपासून लहान वर्ग आहेत. अभ्यासक्रमांची संख्या, प्रयोगशाळा, माजी विद्यार्थ्यांचं जाळं, यात दोन हजार मुलांचं कॉलेज कुठे पुरं पडणार? आणि मुलीनं दुसऱ्या वर्षी विषय बदलला तर? लहान ठिकाणी चार विषय सोडले की पाचवा नसतो. नोकरी गेलेली असताना घरानं हा धोका का पत्करावा, एवढंच विचारतो.

पहाटवारा | १९ ऑगस्ट

मी ओहायोतल्या एका लहान कॉलेजात बरीच वर्षं शिकवतेय (नाव लिहीत नाही). सह्यकडांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर कॉलेजच्या नावात नाही, डिपार्टमेंटमध्ये आहे.

अबोली, तुझ्या यादीत दोन अडचणी मला लगेच दिसल्या. स्वॉर्थमोरला जिऑलॉजीचं डिपार्टमेंट नाही. ते ब्रिन मॉरला आहे, आणि स्वॉर्थमोर, हॅवरफर्ड, ब्रिन मॉर यांची आपसात नोंदणी चालते. पण मुख्य विषयासाठी चार वर्षं व्हॅननं ये-जा करायची का, हे तिनं ठरवायचं. ग्रिनेललाही जिऑलॉजी हा स्वतंत्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, नाही. दोन्ही कॉलेजं अव्वल आहेत, पण तिच्या कामाची नाहीत. विल्यम्स, कार्लटन, मॅकॅलेस्टर, ओबर्लिन, वूस्टर, बोडिन यांच्याकडे भूशास्त्र आहे, बोडिनकडे समुद्रशास्त्राच्या जोडीनं. यांतल्या कित्येकांचा मिळून केक जिऑलॉजी कन्सॉर्शियम नावाचा जुना गट आहे. पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात खऱ्या संशोधनाला नेतात. लहान कॉलेजची प्रयोगशाळा लहान असते, पण तिथे पीएच.डी.चे विद्यार्थी नसल्यामुळे यंत्राला पहिला हात पदवीच्या मुलांचाच लागतो. विज्ञानात पुढे पीएच.डी. करणाऱ्यांचं प्रमाण विद्यार्थिसंख्येच्या हिशेबात काढलं तर रीड, स्वॉर्थमोर, कार्लटन, ग्रिनेल ही नावं वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतात, ते यामुळेच.

आता कॉलेजच्या चकचकीत पुस्तिकेत न सापडणारी गोष्ट. कॅटलॉगमध्ये चाळीस कोर्स छापलेले असतात, म्हणून ते दरवर्षी होतात असं समजू नका. मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रकं उघडा आणि मोजा. सहा प्राध्यापकांच्या डिपार्टमेंटमधले दोघं सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) गेले की हवा तो कोर्स दोन वर्षं होत नाही. कॉम्प्युटर सायन्सचं तर विचारूच नका. सगळीकडे मुलांची गर्दी आणि शिकवणारे मोजके. मुलं वर्गाबाहेर वेटलिस्टवर उभी असतात. भेटीला गेलात की अॅडमिशन ऑफिसला विचारू नका, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: ‘हवा तो कोर्स हव्या त्या सत्रात मिळाला का?’

शिकवण्याच्या तऱ्हा कॉलेजागणिक खरोखर वेगळ्या आहेत. विल्यम्सच्या ट्युटोरियलमध्ये दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक: एका आठवड्यात एकानं निबंध लिहायचा आणि दुसऱ्यानं त्याची चिरफाड करायची, पुढच्या आठवड्यात उलट. वूस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी एका प्राध्यापकाच्या हाताखाली स्वतःचा प्रबंध करावाच लागतो. रीडलाही प्रबंध सक्तीचा. स्वॉर्थमोरच्या ऑनर्स परीक्षा १९२२ पासून बाहेरचे परीक्षक घेतात, म्हणजे शिकवणारा आणि विद्यार्थी एका बाजूला. ॲमहर्स्टमध्ये पहिल्या वर्षाचा एक सेमिनार सोडला तर सक्तीचे विषय नाहीत, ग्रिनेलमध्येही पहिल्या सत्रातलं एक ट्युटोरियल सोडलं तर नाहीत. कार्लटनचं वर्ष तीन सत्रांचं, दर सत्रात दहा आठवडे आणि तीनच विषय. वेग दमवणारा असतो. आजारपणात एक आठवडा गेला तर सत्राचा दहावा हिस्सा गेला. तुझी लेक बोलकी आणि वाद घालणारी आहे म्हणतेस, तिला हे मानवेल. गप्प बसून स्वतःच्या गतीनं वाचणाऱ्या मुलाला मी वेगळं काही सांगितलं असतं.

कृष्णाकाठ | २१ ऑगस्ट

वाचतेय आणि जीव खालीवर होतोय. आमची मुलगी चार वर्षांची असल्यापासून इथे, टेक्ससमध्ये. आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, ग्रीनकार्डची रांग कधी संपेल माहीत नाही. इथेच शाळा शिकली, इथलेच उच्चार, शाळेच्या डिबेट टीमची कॅप्टन. आणि परवा एका कॉलेजच्या फॉर्मवर ‘इंटरनॅशनल’ या रकान्यात खूण करताना रडली. आमच्यासाठी नेट प्राइस कॅल्क्युलेटरला काही अर्थ आहे का?

गारवा | २१ ऑगस्ट

कृष्णाकाठ, तुझ्या लेकीला माझा आशीर्वाद सांग. हा प्रश्न आपल्या कितीतरी घरांत आहे आणि त्यावर कुणी मोकळेपणानं बोलत नाही.

एच-४वरच्या मुलाला सरकारी मदत मिळत नाही, म्हणजे फॅफ्सा या सरकारी मदतीच्या फॉर्मचा मार्ग बंद. बहुतेक कॉलेजं मदतीच्या हिशेबात त्याला परदेशी विद्यार्थी धरतात आणि वेबसाइटवरचे कॅल्क्युलेटर सहसा नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी बनवलेले असतात. दोन शब्द वेगळे कर. ‘नीड-ब्लाइंड’ म्हणजे प्रवेश देताना पैसे मागितलेत की नाही हे बघत नाहीत. ‘पूर्ण गरज भागवतात’ म्हणजे प्रवेश दिला तर हिशेबानं निघेल तेवढी मदत देतात. लहान कॉलेजांपैकी ॲमहर्स्ट आणि बोडिन परदेशी विद्यार्थ्यांनाही दोन्ही देतात. विल्यम्स, पोमोना, स्वॉर्थमोर, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर घेतलेल्या मुलाची गरज पूर्ण भागवतात, पण परदेशी मुलाला घेताना त्याला किती पैसे लागणार ते बघतात. म्हणून प्रत्येक कॉलेजच्या मदत कार्यालयाला ईमेल करून लेखी विचारा: ‘अमेरिकन हायस्कूलमधून शिकलेल्या एच-४ विद्यार्थ्याला तुम्ही कोणत्या गटात धरता?’ उत्तरं खरंच वेगवेगळी येतात.

चांदणवेल | २२ ऑगस्ट

यात एक भर. आमच्या मुलानं याच रस्त्यानं एच-४ वरून एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतला. वयाची एकवीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत ते करावंच लागतं, त्यामुळे तारखांचा हिशेब आत्ताच मांडून ठेवा. एच-४वर कॅम्पसवरचं कामही करता येत नाही. एफ-१वर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत करता येतं. लायब्ररीतल्या त्या नोकरीनं आमच्या मुलाला पैशापेक्षा जास्त दिलं. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी त्याला अक्षरशः घरच्यासारखं सांभाळलं.

अबोली | ७ सप्टेंबर

पहाटवारा, तुमचे आभार कसे मानू! डिपार्टमेंट बघायचं मला सुचलंच नव्हतं. स्वॉर्थमोर आणि ग्रिनेल यादीतून काढली. लेकीनं स्वतः बसून तीन वर्षांची वेळापत्रकं तपासली आणि वहीत तक्ते केले.

गारवा, सांगितल्याप्रमाणे शनिवारी बसले. तीच माहिती, तेच आकडे, आणि सहा कॉलेजांची सहा उत्तरं! सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त यांत वर्षाला १७ हजारांचा फरक. असं कसं? आणि एक अवघड प्रश्न: पुण्यात सिंहगड रोडला एक फ्लॅट आहे, माझं आणि बाबांचं नाव आहे त्यावर, राहतात आईबाबा. तो कुठे दाखवायचा का?

गारवा | ७ सप्टेंबर

फरक सूत्राचा आहे. फॅफ्सा सगळीकडे एकच, पण यांतली बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा फॉर्मही मागतात आणि त्यातल्या कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. राहत्या घराची इक्विटी (किंमत वजा कर्ज) काही पूर्ण धरतात, काही मर्यादेपर्यंत, काही मुळीच नाही. न्यू जर्सीत घरांच्या किमती वाढल्यात, तुझा १७ हजारांचा फरक बहुधा तिथेच आहे. निवृत्तीसाठीच्या ४०१के मधला साठा सहसा धरत नाहीत. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असण्याची सवलत फॅफ्सानं २०२४-२५ पासून बंद केली, पण सीएसएसवाली बरीच कॉलेजं ती अजून बघतात. धाकटा दोन वर्षांनी लागेल तेव्हा हे कामाला येईल.

फ्लॅट दाखवायचा. भारतातली एफडीसुद्धा दाखवायची. खोटं लिहिलेलं उघडं पडलं तर मदत जाते आणि प्रवेशही. पण नुसता आकडा टाकून थांबू नकोस. विशेष परिस्थितीसाठी जागा असते, तिथे स्वच्छ लिही: या फ्लॅटमध्ये वृद्ध आईवडील राहतात, तो विकता येणार नाही, माझा हिस्सा इतका. त्यांच्या औषधपाण्याला दर महिन्याला पैसे पाठवत असशील तर तेही लिही, पुरावे जोड. नवऱ्याची नोकरी गेल्याचं पत्रही. कॅल्क्युलेटरला हे काही कळत नाही, पण फाइल वाचणारा माणूस वाचतो. आम्ही सासऱ्यांच्या डायलिसिसबद्दल लिहिलं होतं आणि त्याचा विचार झाला.

मनमोर | १२ सप्टेंबर

मी कोथरूडमधून लिहितोय. मुलगा बारावीला आहे. इकडे एजंट लोक या कॉलेजांची नावंसुद्धा घेत नाहीत. रुपयांत वर्षाला सत्तर लाखांच्या वर जातंय. स्कॉलरशिपशिवाय शक्यच नाही. पुण्यातच लवळ्याला फ्लेम आहे, सोनीपतला अशोका आहे, तिथे हेच शिक्षण मिळत असेल तर एवढ्या लांब का पाठवावं, असं घरात सगळे म्हणतात. एक नातेवाईक केंटकीतल्या बेरियाबद्दल बोलले, तिथे ट्यूशनच नाही म्हणे. खरं आहे का?

पहाटवारा | १३ सप्टेंबर

बेरियाचं खरं आहे. १८५५ सालचं कॉलेज, ट्यूशन कुणाकडूनही घेत नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास कॉलेजचं काम करावं लागतं. पण ते कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच आहे आणि परदेशी मुलं अगदी थोडी घेतात. अर्ज करा, पण त्या एकाच अर्जावर विसंबू नका. फ्लेम किंवा अशोकाला कमी समजू नका. मुलाला भारतातच काम करायचं असेल, भारताचा इतिहास किंवा समाज शिकायचा असेल, तर घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे असं मलाही वाटतं. इकडे यायचंच असेल तर खिशातून देता येईल तो आकडा आधी घरात ठरवा आणि फक्त पूर्ण गरज भागवणाऱ्या किंवा गुणांवर मोठी रक्कम देणाऱ्या ठिकाणी अर्ज करा.

अबोली | २६ ऑक्टोबर

गावं पाहून आलो, त्याबद्दल लिहिते.

विल्यम्सटाउनला आमच्याकडून गाडीनं साडेतीन-चार तास. डोंगर पानगळीनं पेटल्यासारखे लाल झालेले. गावाला एक मुख्य रस्ता, दोन पावलांवर क्लार्क हे कलासंग्रहालय. लेक म्हणाली, इथे अभ्यासच होईल, कारण दुसरं काहीच नाही. ओबर्लिन क्लीव्हलंडपासून तासाभरावर, सपाट शेतांच्या मधोमध. १८३३ सालचं कॉलेज, काळ्या विद्यार्थ्यांना १८३५ मध्ये आणि मुलींना पदवीसाठी १८३७ मध्ये दारं उघडणारं. संध्याकाळी त्यांच्या संगीत विद्यालयात फुकट मैफल ऐकायला मिळाली, मी पुरती भारावले. येताना वूस्टर पाहिलं. तिथल्या जिऑलॉजीच्या सरांनी लेकीशी पाऊण तास गप्पा मारल्या. पाऊण तास! शाळेतल्या पोरीशी!

सेंट पॉलला मॅकॅलेस्टर शहरातच आहे. बाहेर पडलं की ग्रँड अव्हेन्यूची दुकानं, बस हाताशी. कोफी अन्नान इथे शिकले, १९६१ ची पदवी. तिथून नॉर्थफील्डला कार्लटन, पाऊण तासावर. बोडिन राहिलं. ते मेन राज्यात, फार लांब पडलं.

फिलाडेल्फियाला मैत्रिणीकडे थांबलो होतो. गाडीत लेकीला सांगितलं की १८८६ साली आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळाली ती या शहरात, आणि तो सोहळा बघायला पंडिता रमाबाई आल्या होत्या. तिला माहीत होतं. मग बराच वेळ दोघीही काही बोललो नाही.

चांदणवेल | २७ ऑक्टोबर

अबोली, सुंदर लिहिलंस. पण ऑक्टोबरमध्ये सगळीच कॉलेजं देखणी असतात गं! प्रवेश मिळाला की फेब्रुवारीत एकदा जाऊन या. संध्याकाळी लवकर अंधार, रात्री उणे वीस सेल्सिअस, आणि वर्गातून खोलीवर जायला दहा मिनिटं. आमचा मुलगा पहिल्या हिवाळ्यात फार खचला होता. थंडीपेक्षा एकटेपणाच जास्त होता. त्या गावात आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. जवळचं महाराष्ट्र मंडळ शोधा, गणपतीला न्यायला एखादं कुटुंब तयार आहे का बघा. विमानतळावरून कॉलेजपर्यंत कसं जायचं हेही आधी विचारा. सुट्ट्यांत कॉलेजची बस असते का? थँक्सगिव्हिंगला वसतिगृह उघडं राहतं का? शाकाहारी असेल तर जेवणघरात रोज डाळ-कडधान्य मिळतं का? दर वेळी विमान, टॅक्सी, सामान ठेवायचं गोदाम धरून वर्षाला दोन-तीन हजार डॉलर सहज जातात आणि ते कुठल्याच पत्रात नसतात.

गारवा | २७ ऑक्टोबर

आमच्या मिनेसोटाच्या थंडीची बाजू घेत नाही, ती आहेच. पण कार्लटनचं पहिलं सत्र थँक्सगिव्हिंगच्या आधी संपतं आणि थेट जानेवारीत पुढचं सुरू होतं. जवळजवळ सहा आठवडे सुट्टी. मुलगा दर डिसेंबरला आजीकडे साताऱ्याला जाऊन राहायचा. दुसऱ्या बहुतेक कॉलेजांत हे जमलं नसतं. आणि डेसी मोझेस हाउस म्हणून एक घर आहे तिथे, कुठल्याही विद्यार्थ्यानं केव्हाही यावं आणि कुकीज भाजाव्यात. पहिल्या वर्षी घरची आठवण आली की तिथे जाऊन बसायचा.

सह्यकडा | २९ ऑक्टोबर

हे सगळं वाचून माझंही मत थोडं हललं, प्रामाणिकपणे सांगतो. एक काळजी मात्र अजून आहे. लहान कॉलेजं बंद पडतायत. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज आणि अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न, दोन्ही २०२४ मध्ये बंद झाली. मुलं अर्ध्या वाटेवर.

पहाटवारा | ३० ऑक्टोबर

काळजी योग्यच आहे. अबोलीच्या यादीतल्या श्रीमंत कॉलेजांना तो धोका नाही, पण कमी नावाच्या ठिकाणाहून मोठी सूट आली की हे जरूर तपासा: विद्यार्थिसंख्या पाच-सात वर्षांत घटतेय का, पहिल्या वर्षातून दुसऱ्यात किती मुलं टिकतात, डिपार्टमेंटं बंद होतायत का. बरेचसे आकडे कॉलेजच्या कॉमन डेटा सेट या आकडेवारीच्या कागदात मिळतात. त्याच कागदाच्या एच विभागात गरज नसलेल्या किती मुलांना सरासरी किती सूट मिळाली हेही असतं.

अबोली, अर्ली डिसिजनबद्दल, म्हणजे एकाच कॉलेजला आधी अर्ज करून प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याबद्दल, विचार चालू असेल तर एकच सांगते. तो करार बांधून घेतो. मदत पुरेशी नसेल तर सुटता येतं, पण मग दुसऱ्या पत्रांशी तुलना करायची संधी राहत नाही. एका पगारावर मी थांबले असते.

अबोली | २ एप्रिल

थांबलो. निकाल आले. विल्यम्स आणि बोडिन नाही. (लेक एक दिवस खोलीतून बाहेर आली नाही.) कार्लटन, मॅकॅलेस्टर, ओबर्लिन, वूस्टर आणि रटगर्स ऑनर्स हो!

चारही पत्रं वेगवेगळ्या भाषेत लिहिलेली. एकानं कर्जाला ‘अवॉर्ड’ म्हटलंय, एकानं प्रवासखर्च धरलाच नाही, एकानं आरोग्यविमा वेगळा लावलाय. मी एक मोठा कागद घेतला आणि प्रत्येकासाठी एकच गणित मांडलं: एकूण खर्चातून फक्त अनुदान वजा, अधिक प्रवास, अधिक विमा, गुणिले चार, आणि दरवर्षी फी चार टक्क्यांनी वाढेल असं धरून. तेव्हा कुठे चित्र दिसलं. सगळ्यांत मोठी स्कॉलरशिप देणारं कॉलेज सगळ्यांत स्वस्त निघालं नाही. आणि तिच्या पहिल्या पसंतीचं कॉलेज, कार्लटन, रटगर्सपेक्षा वर्षाला नऊ हजारांनी महाग. एवढं झेपणार नाही आम्हाला. तिला अजून सांगितलेलं नाही.

गारवा | २ एप्रिल

अबोली, आजच पत्र लिही. विनंती कर, सौदा करतेय असं वाटू देऊ नकोस. फॉर्म भरल्यानंतर घरात काय बदललं? बेकारभत्ता संपला? विमा आता तुझ्या पगारातून कापला जातो? तारखा आणि कागद लाव. शेवटी आकडा स्पष्ट लिही: ‘इतकं कमी झालं तर लेक नक्की येईल.’ आणि लेकीला आजच सांग. सतरा वर्षांची आहे, तिला कळेल. आम्ही मुलापासून लपवलं आणि त्याला नंतर त्याचंच जास्त वाईट वाटलं.

अबोली | १९ एप्रिल

सांगितलं. रडली नाही. म्हणाली, ‘आई, तो कागद मला दाखव.’ मग दोघींनी मिळून पत्र लिहिलं. काल उत्तर आलं, अनुदान वाढवलंय. आता रटगर्सपेक्षा वर्षाला साडेचार हजारांचा फरक उरला. त्यातले तीन हजार ती उन्हाळ्यातल्या आणि कॅम्पसवरच्या कामातून देणार म्हणतेय. उरलेल्यासाठी मी शनिवारचे गुजराती शाळेतले गणिताचे वर्ग घेईन. नवऱ्यालाही दोन मुलाखती आल्यात.

सह्यकडांनी मला फोन करून तासभर हिशेब तपासून दिला, त्यांचे मनापासून आभार. रटगर्सला नाही म्हणताना जीव थोडा अडखळतोय, हेही खरं.

सह्यकडा | १९ एप्रिल

पाठवा तिला. हिशेब बसतोय.

अबोली | ३ मे

डिपॉझिट भरलं! ती सप्टेंबरमध्ये कार्लटनला जाईल. माझ्या बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्यांनी विचारलं, तिथे दगड कसले आहेत? ती म्हणाली, चुनखडी आणि वालुकाश्म, पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. बाबा म्हणाले, मग एक तुकडा आण मला, लोणारच्या शेजारी ठेवीन.

गारवा, आता सांग, मिनेसोटात बूट कोणते लागतात?

गारवा | ३ मे

अभिनंदन!!! बूट तिकडे घेऊ नकोस, न्यू जर्सीतले इथे टिकत नाहीत. एक माप मोठे घ्यायचे, आत लोकरीचे मोजे मावले पाहिजेत. ती आली की पहिल्या शनिवारी मी नॉर्थफील्डला येते, तिला घेऊन दुकानात जाते आणि जेवायला घरी आणते. वरण-भात चालतो ना?